पहारेकरी जागा आहे का?

लेक दिवाळीला चार दिवस आली ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला मी उटणं भिजवायला उठले, तर बाईसाहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या. समोर काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकताहेत आणि शेजारी मोबाइल थरथरतोय.

"अगं, सणासुदीला तरी..."

"झोप गं आई तू. पहारेकरी जागा आहे का बघतेय."

"कुठला पहारेकरी?"

"आहे एक. तो जागाच आहे. पण रात्रभर त्याच्या दाराशी कुणी फिरकलंच नाही, म्हणून त्याच्यावर मी बसवलेला दुसरा पहारेकरी घाबरला आणि मला उठवतोय."

नंतर कळलं ते असं. कॉलेजचं वसतिगृह दिवाळीला रिकामं झालं होतं. 'तासाभरात एकाही मुलानं दार ठोठावलं नाही तर मला उठव' असा नियम हिनंच लिहून ठेवला होता आणि त्यात दिवाळीची सुट्टी धरायला विसरली होती. हसू आवरेना मला. अभ्यंगस्नान राहिलं बाजूला, फराळाचं ताट मध्ये ठेवून आम्ही दोघी बोलत बसलो. ती सांगत होती, इंग्रजी कागद वाचून अर्थ लावून देत होती आणि मी वहीत उतरवून घेत होते. (माझं इंग्रजी नात्यातल्या मंडळींना ठाऊक आहे. त्यांनी हसू नये.)

आधी हा पहारेकरी म्हणजे काय ते सांगते. ती पुण्याच्या एका महाविद्यालयात संगणकांचं जाळं सांभाळते. मुलांना वायफाय मिळतं ते भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या डब्यांतून. मला वाटायचं, परवलीचा शब्द तो डबाच तपासत असेल. तर नाही! डब्याला काही म्हणजे काही माहीत नसतं. मुलानं नाव आणि परवलीचा शब्द टाकला की डबा तो निरोप आतल्या एका संगणकाकडे पोचवतो. तो संगणक यादीत बघतो आणि 'येऊ दे' किंवा 'नको' असं कळवतो. डबे शेकडो, उत्तर देणारा एक, फार तर दोन. म्हणजे वाड्याला दरवाजे शंभर आणि किल्ल्यांचा जुडगा एकाच्याच कमरेला. तो झोपला की शंभर दरवाजे एकदम बंद.

आणि मागच्या परीक्षेच्या वेळी नेमकं तेच झालं. सकाळी आठला संगणकावर द्यायची परीक्षा, मुलं वर्गात बसलेली, आणि एकाचंही यंत्र जाळ्याला जोडलं जाईना. हिच्या फलकावर मात्र सगळं हिरवंगार. संगणक चालू, उत्तर येतंय, कुठं म्हणून लाल टिकली नाही. पाऊण तासानं सापडलं. तो पहारेकरी मुलांची ओळख विचारतो तशी मुलांची यंत्रंही त्याला त्याची ओळख विचारतात. त्यासाठी त्याच्याकडे एक प्रमाणपत्र असतं, त्याची मुदत आदल्या मध्यरात्री संपली होती. हिनं चाचणीसाठी जो खोटा विद्यार्थी ठेवला होता तो दर मिनिटाला जुन्या साध्या पद्धतीनं दार ठोठावायचा. त्या पद्धतीत प्रमाणपत्र बघायची रीतच नाही. त्याला दर मिनिटाला 'येऊ दे' मिळत होतं आणि खऱ्या पोरांना दारातच अडकायला होत होतं. हिनं बोलणी खाल्ली. दोष तिचाच होता असं तीही म्हणते. मला तसं वाटत नाही, पण मी आई पडले.

मला आमचे दिपोटी आठवले. जुन्या शिक्षकांना हा शब्द कळेल, शाळा तपासायला येणारे साहेब. बहुतेक साहेब हजेरीपट बघायचे, फळा रंगवलेला आहे ना बघायचे, चहा घेऊन शेरा लिहायचे, 'समाधानकारक'. एकच साहेब असे आले की त्यांनी हजेरीपट मिटला, तिसऱ्या बाकावरच्या एका पोराला उभं केलं आणि म्हणाले, "बाळ, हा उतारा वाच." त्या वर्षी आमच्या शाळेला समाधानकारक मिळालं नाही.

असो. मी इतिहासाची बाई. एखादी गोष्ट पहिल्यांदा कुणी केली आणि कशासाठी केली हे कळल्याशिवाय ती गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाही. म्हणून लेकीला म्हटलं, हे तुझं पहारेकऱ्यांचं प्रकरण मुळापासून सांग.

मूळ आहे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. १९६१ साली तिथं फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रणा दाखवली, एकच मोठा संगणक पुष्कळ जणांनी एकाच वेळी वाटून वापरायचा. त्याआधी एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं. आता घर एक आणि बिऱ्हाडकरू अनेक झाले, तेव्हा ज्याचं त्याचं कपाट वेगळं ठेवायला परवलीचा शब्द आला. संगणकावरचा पहिला पासवर्ड म्हणून हाच सांगितला जातो.

आणि पहिली चोरीही तिथलीच! १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाचा संशोधक तिथं काम करत होता. त्याला आठवड्याला चार तास मिळत, ते पुरत नव्हते. कागदाची फाइल छापून देण्याची सोय होती. त्यानं छिद्रं पाडलेल्या कार्डावर विनंती टाकली की परवलीच्या शब्दांची फाइल छापा, आणि यंत्रानं ती इमानदारीत छापून दिली. हे त्यानं स्वतः पुढं कित्येक वर्षांनी सांगितलं. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. हा शेर करत काय होता? ती सामायिक यंत्रणा किती वेगानं चालते, किती भार सोसते, हे मोजायचं काम. त्याचा पुढचा प्रबंधही त्यावरच आहे. म्हणजे यंत्रणेवर नजर ठेवणारा पहिल्या काही माणसांतला एक आणि परवलीचे शब्द पळवणारा पहिला, हे दोन्ही एकच गृहस्थ! लेक म्हणाली, "म्हणूनच नजर ठेवणाऱ्याला किती अधिकार द्यायचे हा आमच्याकडे अजून भांडणाचा विषय आहे."

दुसरा प्रसंग १९६६ चा, तो कॉर्बातोंनीच ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी. दोघांच्या तात्पुरत्या फाइलीला यंत्रणेनं एकच नाव दिलं आणि अदलाबदल झाली. मग जो कुणी आत येईल त्याला 'आजची सूचना' म्हणून सगळ्यांचे परवलीचे शब्द दिसू लागले. पहारेकरी जागा होता, नेमून दिलेलं काम चोख करत होता, आणि दाराशी उभं राहून सगळ्या घराच्या किल्ल्या वाटत होता. कुठल्याही फलकावर हे लाल दिसलं नसतं.

पुढं १९८३ मध्ये त्याच संस्थेत अथीना नावाचा प्रकल्प सुरू झाला, डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीनं. आता एक संगणक आणि अनेक माणसं असं राहिलं नव्हतं. आवारभर विखुरलेले शेकडो संगणक होते आणि कुणीही कुठंही बसावं अशी इच्छा. मग ओळख पटवायची कुणी? त्यातून जो ओळख तपासणारा निघाला त्याला नाव दिलं कर्बेरॉस, ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसणारा तीन डोक्यांचा कुत्रा. आपल्याकडे यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत, ऋग्वेदात त्यांना चार चार डोळे दिलेत. त्यांच्या 'शबल' या नावाशी कर्बेरॉसचं नातं काही पंडितांनी जोडलं होतं, पुष्कळांना ते मान्य नाही. मला चार डोळ्यांची कल्पना मात्र पहाऱ्याच्या दृष्टीनं तीन डोक्यांपेक्षा बरी वाटते.

या कर्बेरॉसची रचना समजावून सांगायला बिल ब्रायंट नावाच्या माणसानं १९८८ मध्ये चक्क एक नाटुकलं लिहिलं. चार प्रवेश, दोन पात्रं, अथीना आणि युरिपिडीज. एक जण युक्ती सांगतो, दुसरा तिच्यातलं भोक दाखवतो, पुन्हा पहिला नवी युक्ती काढतो. सॉक्रेटिसाच्या पद्धतीनं शिकवणं म्हणतात ते हेच. आमच्या बीएडच्या पुस्तकात हे उदाहरण असतं तर तो धडा मला पाठ करावा लागला नसता.

या कुत्र्याची एक खोड लेकीनं सांगितली, ती इथं महत्त्वाची. तो आत सोडताना चिठ्ठी देतो आणि चिठ्ठीवर वेळ असते, म्हणजे जुनी चिठ्ठी चोरून कुणी पुन्हा वापरू नये. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं जुळलेली लागतात, साधारण पाच मिनिटांचा फरक तो चालवून घेतो. त्याचं स्वतःचं घड्याळ सहा मिनिटं पुढं गेलं, की तो धडधाकट असूनही सगळ्या ओळखीच्या माणसांना हाकलून देतो. म्हणजे पहारेकऱ्यावर पहारा ठेवायचा तर त्याच्या मनगटावरच्या घड्याळावरही ठेवायला हवा.

आता तिच्या खऱ्या पहारेकऱ्याकडे येते. त्याचं नाव रेडियस. याचं बारसं झालं टेलिफोनच्या जमान्यात. मंडळी, आठवतो का मोडेमचा तो किंचाळण्याचा आवाज? भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आमच्या घरी ते यायला आणखी चार वर्षं गेली. फोन लागायचा, किंचाळी संपायची आणि पडद्यावर यायचं की नाव आणि परवलीचा शब्द तपासला जात आहे. मग आपण श्वास रोखून बसायचं. कधी आत जायचो, कधी 'चूक आहे' असं यायचं आणि कधी काहीच यायचं नाही. हे 'काहीच न येणं' सगळ्यांत वाईट. चूक म्हटलं तर निदान पुन्हा नीट टाइप करता येतं.

अमेरिकेत हीच व्यवस्था त्याआधी काही वर्षं उभी राहत होती. मिशिगन राज्यातल्या विद्यापीठांची मेरिट नावाची संस्था होती, फोनवरून येणाऱ्यांची ओळख एकाच जागी तपासता यावी असं तिला हवं होतं. १९९१ मध्ये तिनं कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंगस्टन या कंपनीनं रेडियसचं वर्णन पाठवलं आणि काम मिळवलं. पुढं कार्ल रिग्नी आणि मंडळींनी त्याचे नियम जानेवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालिकेत छापले. या पत्रांना आरएफसी म्हणतात, प्रत्येकाला क्रमांक असतो. याचा क्रमांक २०५८. सुधारून सुधारून जून २००० मध्ये २८६५ क्रमांकाचं आलं, ते आजही पायाभूत धरतात.

याच नियमपत्रात एक कलम आहे आणि माझ्या लेकीचं सगळं दुखणं त्या कलमात आहे. दारावरचा डबा आणि पहारेकरी यांच्यात एक सामायिक गुपित ठरलेलं असतं. ज्या डब्याशी असं गुपित ठरलेलंच नाही त्याचा निरोप आला, तर पहारेकऱ्यानं 'नको' म्हणायचं नाही, 'तू कोण' विचारायचं नाही. गप्प बसायचं. निरोप टाकून द्यायचा. हेतू चांगला आहे, अनोळखी माणसाला आपण घरात आहोत हेही कळू देऊ नये. आपल्या आज्याही भर दुपारी कडी वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बघायच्या, ओ द्यायच्या नाहीत. पण बाहेर उभ्या असलेल्याला काय कळणार? पहारेकरी मेला, की झोपला, की वाटेत निरोप हरवला, की आपल्याला ओळखलंच नाही? चारही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्यातून हे निरोप जातात ते साध्या टपालानं, पोचपावती नसलेल्या. उत्तर आलं नाही तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं आणि तरी आलं नाही तर दुसऱ्या पहारेकऱ्याकडे जायचं. माणूस काही सेकंद थांबायला तयार असतो, काही मिनिटं नाही, असा हिशेब करून ही टपालाची पद्धत निवडली असं त्या पत्रातच लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं. निदान कुणीतरी दाराबाहेर ताटकळणाऱ्याचा विचार केला होता.

मग लोक काय करू लागले? मधून मधून एक खोटी विनंती पाठवून बघायची, पहारेकरी जिवंत आहे ना. आणि आता ऐका. त्याच २००० सालच्या पत्रात यासाठी एक वेगळा परिच्छेद आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की असं करू नका, हे अपायकारक आहे! त्यांचा युक्तिवाद असा: अशा चाचणीनं नुसता भार वाढतो. तुमच्याकडे खरी विनंती असेल तर तीच पाठवा, उत्तर आलं म्हणजे पहारेकरी आहे. आणि विनंती नसेल तर तो आहे की नाही याच्याशी तुम्हाला कर्तव्यच काय, तुम्ही त्याला वापरत नाही ना? नजर ठेवायचीच असेल तर त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, एसएनएमपी नावाची, ती वापरा.

मी लेकीला म्हटलं, तर्क बिनचूक आहे. ती म्हणाली, "बिनचूक आहे गं. पण म्हणजे पहाटे तीनला पहारेकरी मेला तर मला कळणार सकाळी आठला, पहिलं पोर दारात अडकल्यावर." तेव्हा माझ्या लक्षात आलं की पत्र लिहिणाऱ्यांनी दाराचा विचार केला होता, दारातल्या माणसाचाही केला होता. रात्री ज्याला झोप लागत नाही त्या सांभाळणाऱ्याचा तेवढा केला नव्हता.

ती एसएनएमपीची व्यवस्था म्हणजे पहारेकऱ्यानं स्वतःच ठेवलेली मोजदाद. किती जणांनी विचारलं, किती जणांना हो म्हटलं, किती जणांना नाही, अनोळखी दारातून किती आले, किती निरोप टाकून दिले. १९९९ मध्ये या आकड्यांची यादी ठरवून छापली गेली. हे आकडे मोलाचे आहेत, लेक रोज बघते. सकाळी 'नाही'ची संख्या एकदम वाढली तर सगळी पोरं एकदम शब्द विसरली असं होत नाही, यादीच बिघडलेली असते. पण मेलेला माणूस स्वतःची मोजदाद सांगत नाही.

त्याच सुमारास नजर ठेवणाऱ्यांची एक वेगळीच जमात तयार होत होती, बहुतेक सगळी एकेकट्या माणसांनी गरजेपोटी लिहिलेली अवजारं. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस यांनी 'पिंग' लिहिलं. पाणबुडीच्या शोधात ध्वनी सोडतात आणि त्याचा पडसाद ऐकतात त्यावरून नाव. 'आहेस का?' 'आहे.' बस्स, एवढंच. १९९० च्या दशकाच्या मध्यात टोबियास ओटिकर यांनी इंग्लंडमध्ये असताना तारेवरची वर्दळ आलेखात दाखवणारं अवजार केलं. १९९९ मध्ये ईथन गॅल्स्टॅड यांचं नेटसेंट आलं, तेच २००२ पासून नागिओस. फलकावर हिरवं, पिवळं, लाल दिसतं ते या घराण्यातलं. १९९९ मध्येच अ‍ॅलन डिकॉक आणि मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी फ्रीरेडियस सुरू केलं, फुकट आणि सगळ्यांना उघडं. लेकीचा पहारेकरी त्याच जातीचा.

आणि अपायकारक म्हटलेली गोष्ट सगळे करतच राहिले. खोटा विद्यार्थी ठेवायचा आणि दर मिनिटाला त्याला दार ठोठावायला लावायचं. त्याचे ताप लेकीनं असे सांगितले की हसावं की रडावं कळेना. कुणीतरी नियम केला की दर तीन महिन्यांनी प्रत्येकानं परवलीचा शब्द बदलायचा. खोट्या विद्यार्थ्याला कोण सांगणार? एका रात्री त्याला 'नाही' मिळालं आणि सगळ्यांचे फोन वाजले. लांडगा आला रे आला. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी माणूस फोन उशीखाली सारतो. शिवाय हा खोटा विद्यार्थी म्हणजे एक खरीखुरी किल्ली, ती नजर ठेवणाऱ्या यंत्रात उघडी पडलेली. पुन्हा अ‍ॅलन शेर आलेच की!

शेवटी ऑगस्ट २०१० मध्ये याच डिकॉक यांनी ५९९७ क्रमांकाचं पत्र लिहिलं. १९९७ च्या पत्रात निरोपांच्या प्रकारांची जी यादी होती त्यात बारावा क्रमांक एका निरोपासाठी राखून ठेवलेला होता, 'प्रायोगिक' असा शेरा मारून, त्याचं काय करायचं ते न सांगता. तेरा वर्षं ती जागा पडून होती. लोक आपापल्या परीनं वापरत होते. डिकॉक यांनी ती रीतसर लिहून काढली. डब्यानं विचारायचं, 'तू आहेस का?' त्यात कुणाचं नाव नको, परवलीचा शब्द नको. पहारेकऱ्यानं सांगायचं, 'आहे.' फक्त या प्रश्नावर गुपितानं केलेली एक पक्की मोहोर हवीच हवी, नसेल तर उत्तर नाही.

या मोहोरेची पुढं एक गंमत झाली. रेडियसची उत्तरं खरी आहेत हे ताडायची जुनी रीत एमडी५ नावाच्या गणितावर उभी आहे आणि ते गणित २००४ मध्येच चिनी गणिती वांग श्याओयून यांनी मोडून दाखवलं होतं. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी सिद्ध केलं की वाटेत उभा असलेला माणूस पहारेकऱ्याचं 'नको' हे 'येऊ दे' असं बदलू शकतो. वायफायच्या ज्या पद्धतीत मोहोर आधीपासून सक्तीची होती तिला हा धोका नव्हता. जुन्या साध्या पद्धतींत ती ऐच्छिक होती, तिथं धोका. उपाय काय निघाला? प्रत्येक निरोपाला मोहोर लावा. म्हणजे 'तू आहेस का?' या साध्या चौकशीवर जी मोहोर २०१० पासून सक्तीची, ती खऱ्या 'आत येऊ का?' वर सरसकट मागायला २०२४ उजाडावं लागलं!

इथपर्यंत ऐकून मी म्हटलं, "मग झालं की. आता हा प्रश्न विचारत बस." तर ती मान हलवायला लागली. हा प्रश्न फक्त शेजारच्या पहारेकऱ्यापर्यंत जातो, पुढं पाठवायचा नाही असा नियमच आहे. एड्युरोम नावाची जगभरच्या विद्यापीठांची व्यवस्था आहे, २००२ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या क्लास विरेंगा यांच्या कल्पनेतून निघालेली. भारतात ती अर्नेट चालवते. तिच्यात परदेशी विद्यापीठाचा विद्यार्थी इथल्या आवारात आला तरी आपल्याच घरच्या परवलीच्या शब्दानं आत येतो. इथला पहारेकरी देशाच्या पहारेकऱ्याला विचारतो, तो जगाच्याला, तो त्या देशाच्याला, आणि शेवटी त्याच्या घरच्याला. साखळीतला शेवटचा गप्प बसला तर इथं असं वाटतं की शेजारचाच मेला. मग त्याच्याशी बोलणं बंद आणि त्याच्यामार्फत येणाऱ्या सगळ्यांचीच वाट बंद. एका घरचा म्हातारा बहिरा झाला म्हणून पोस्टमननं सगळ्या आळीला मेलेलं ठरवावं, तसं. नव्या प्रश्नानं एवढं कळतं की शेजारचा तरी जिवंत आहे. पुढची साखळी धड आहे का हे कळायला शेवटी खोटा विद्यार्थीच पाठवावा लागतो, अगदी घरापर्यंत.

म्हणून तिनं दिवाळीत बसवलेला पहारा असा आहे. 'आहेस का' हा प्रश्न वारंवार जातो, तो स्वस्त आहे. खोटा विद्यार्थी राहिलाच, पण आता तो खऱ्या पोरांच्याच पद्धतीनं जातो, प्रमाणपत्र मागून बघतो आणि मुदत संपायला महिना राहिला की ओरडतो. त्याच्या हाती आतलं काहीच उघडत नाही, 'येऊ दे' मिळालं की तो दारातूनच परत फिरतो. मोजदाद आहे. घड्याळावर लक्ष आहे. आणि हा फलक स्वतः बंद पडला तर कळावं म्हणून तिसऱ्या जागी एक छोटं यंत्र आहे, ते फक्त फलकावर नजर ठेवतं. मी विचारलं, त्या यंत्रावर कोण? म्हणाली, "मी." शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत, एकाला किल्ला फितवता येऊ नये म्हणून. ते मी दरवर्षी आठवी-नववीला शिकवलं, पण त्या तिघांतला कुणी रात्री नीट झोपायचा का, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता.

बोलता बोलता ती एकदम म्हणाली, "तुझं 'बरी आहे' म्हणजे पिंग होतं बघ."

नातेवाइकांना ही हकिगत माहीत आहे, इतरांसाठी सांगते. हे गेल्यापासून मी इथं एकटी असते. रोज सकाळी लेकीचा मोबाइलवर निरोप यायचा, 'कशी आहेस?' मी लिहायची, 'बरी आहे' आणि हात जोडलेलं चित्र. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला ताप भरला. चार दिवस अंथरुणात होते, पोटात पेजेशिवाय काही नाही, तेही दोन दिवसांनी सुटलं. पण सकाळी सातला मोबाइल वाजला की मी 'बरी आहे' लिहायची आणि हात जोडायची. तिला उगीच कशाला काळजी, तिचं काम, घर, पोरं. पाचव्या दिवशी आमच्या कामाच्या मावशींनी माझ्याच मोबाइलवरून तिला फोन लावला. रात्री अकराला ती दारात. एक शब्द बोलली नाही, माझा मोबाइल हातात घेऊन ते चार 'बरी आहे' वर-खाली करून बघत राहिली नुसती.

तेव्हापासून 'कशी आहेस' बंद झालं.

भाऊबीज करून ती पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी निरोप आला, 'काल रात्री काय जेवलीस?' मी लिहिलं, 'मुगाची उसळ, सकाळचीच होती.'

लगेच फोन वाजला. "सकाळची का? रात्री काहीच केलं नाहीस?"